वाहन थांबवल्याचे कारण लेखी मिळणेबाबत

मला पोलिसांनी थांबवलं ते सकाळी साडेदहा वाजता, भर चौकात, आणि सासूबाई मागच्या सीटवर बसलेल्या असताना. यातली एकेक गोष्ट सुटी सुटी आली असती तर मी निभावून नेली असती. साडेदहाची वेळ काही वाईट नाही. चौकाशीही माझं काही वाकडं नाही. पण सासूबाई मागे बसलेल्या असताना पोलिसांनी थांबवणं म्हणजे लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर जावयाची नव्याने परीक्षा घेण्यासारखं आहे, आणि तीही तोंडी.

मी नियम मोडणारा माणूस नाही. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि स्वतः चूक न करणं हा त्या उद्योगातून जडलेला आजार. इमारतीत मला 'प्रूफवाले' म्हणतात. माझी गाडी लहान, जुनी आणि माझ्यासारखीच सरळमार्गी आहे. ताशी पस्तीसच्या वर मी तिला नेत नाही. सायकलवाले मला मागे टाकतात आणि जाता जाता आत डोकावून बघतात, चालवणाऱ्याला बरंबिरं नाही की काय म्हणून.

त्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्या आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या आणि तो तेविसावा दिवस होता. चौकाच्या मधोमध एक हवालदारबाई उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. मी ब्रेक दाबला. मागच्या बसनेही दाबला, तिच्या मागच्यांनीही दाबला असावा, कारण नंतर बराच वेळ आवाज येत होते.

गाडीत माझी एक निळी फाइल असते. तीत लायसन्स, विमा, नोंदणी, धुराचं प्रमाणपत्र, या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती आणि असावं म्हणून घराचं लाइटबिल. ती घेऊन मी खाली उतरलो आणि हवालदारबाईंच्या हातात दिली. त्यांनी फाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोन-तीन कागद उलटले, लाइटबिलापाशी किंचित थबकल्या आणि फाइल परत देऊन म्हणाल्या, "ठीक आहे सगळं. निघा आता."

"पण मला थांबवण्याचं कारण?" मी विचारलं.

त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. नेमक्या त्याच क्षणी मागच्या बसने असा काही हॉर्न दिला की मला त्यातलं फक्त 'नाही' एवढंच ऐकू आलं. म्हणजे कारण सांगणार नाही! मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात त्या हात जोडून म्हणाल्या, "काका, गाडी काढा आधी."

काका! त्या माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असतील.

सासूबाई वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासून सांगितलं की लांबचं यांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं दिसतं, फक्त जवळच्या गोष्टी दिसत नाहीत. एकवीस वर्षं मला जे वाटत होतं त्याला वैद्यकीय आधार मिळाला, पण त्याचा आनंद घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

संध्याकाळी मी कामावरून परतलो तेव्हा सासूबाई लिफ्टने तीनदा वर-खाली जाऊन आल्या होत्या आणि प्रत्येक मजल्यावर बातमी वाढत गेली होती. तळमजल्यावर मला नुसतं थांबवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर माझे कागद जप्त झाले होते. चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर माझा खांदा दाबून हळूच सांगितलं, "जामीन लागला तर संकोच करू नका. आणि तोपर्यंत तोंड अजिबात उघडू नका." आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाने असा सल्ला द्यावा, यावरून प्रकरण किती गंभीर झालं होतं ते कळावं.

"काय केलंत तुम्ही?" बायकोने दारातच विचारलं.

"काहीही केलं नाही."

"काहीच केलं नाही तर थांबवतील कशाला?"

"तेच तर मी विचारतोय!"

"मग विचारू नका आणि सोडून द्या. पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या."

मी सोडून दिलंही असतं. पण तेवढ्यात बेलिफकाका आले. हे आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या दारावर चिकटवल्या. निवृत्तीनंतर चिकटवायला काही उरलं नाही, म्हणून ते स्वतःच लोकांना चिकटतात.

"प्रूफवाले, एक नीट ध्यानात घ्या," खुर्चीत बसता बसता त्यांनी सुरुवात केली. "पोलिसाला वाटलं म्हणून गाडी थांबवता येत नाही. तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत नियम मोडलेला पाहिजे. मोडलात?"

"छे!"

"मग गाडीत काही दोष दिसला पाहिजे. दिवा फुटलाय, नंबर वाचता येत नाही, असं काही. नाहीतर तशा वर्णनाच्या गाडीबद्दल त्यांना पक्की खबर मिळालेली पाहिजे. नाहीतर मग नाकाबंदी. पण नाकाबंदी लावली की ती सगळ्यांना लागते. तुमच्यासोबत आणखी कुणाला थांबवलं?"

"नाही. मला एकट्यालाच."

"एकट्यालाच!" बेलिफकाकांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी त्यांच्या नातवाच्या बारशालासुद्धा पाहिली नव्हती. "मग कारण काय? ते त्यांनी सांगायलाच पाहिजे. लेखी मागा. हक्क आहे तुमचा."

"कारण चेहरा असेल," बायको आतून म्हणाली. "गाडी चालवताना हे असा चेहरा करतात की गाडी आत्ताच कुठून तरी पळवून आणलीय."

यावर सासूबाई हसल्या. त्या हसल्या नसत्या तर पुढचं काहीही झालं नसतं. मी आंघोळ केली, टेबलाशी बसलो आणि अर्ज लिहायला घेतला. विषय : वाहन थांबवल्याचे कारण लेखी मिळणेबाबत. अर्ज एक पानी होता, पण त्याची मी सात प्रुफं काढली. 'थांबवल्याचे' की 'थांबविल्याचे' यावर दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात आमची तिघांची चर्चा झाली आणि तेवढ्या वेळात एका व्याकरणाच्या पुस्तकाचा सोळा पानांचा फॉर्म तसाच छापला जाऊन त्यात अकरा चुका राहिल्या.

अर्ज देण्याआधी आपल्या बाजूने सगळं चोख असावं म्हणून मी गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने तासभर ती खालून-वरून बघितली. दिवे जळत होते, नंबर वाचता येत होता, आरसे जागच्या जागी होते.

"एकदम ओके आहे साहेब. काही दोष नाही," तो हात पुसत म्हणाला.

"नीट बघा. त्यांना लांबून दिसला म्हणजे काहीतरी असणारच."

तो पुन्हा गाडीखाली गेला. मग मागच्या दिव्याचं लाल आवरण काढून आत काही आहे का ते बघू लागला. कट् असा आवाज झाला. त्याने फुटलेलं आवरण माझ्यापुढे धरलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाला, "आता आहे बघा दोष."

इतक्या जुन्या गाडीचं आवरण दुकानात मिळत नाही, ते मागवावं लागतं, आणि यायला दहा दिवस लागतात. गाडी तिथेच ठेवून मी पायी वाहतूक शाखेत गेलो.

तिथे सात खिडक्या होत्या. ज्या खिडकीवर 'तक्रारी' असं लिहिलं होतं तिच्या मागे एक कारकून बसला होता. त्याने माझा अर्ज वाचला. मग उलटा करून मागची बाजू वाचली, ती कोरी होती.

"दंड किती झाला?"

"दंड झालाच नाही."

"मग गाडी उचलून नेली?"

"नाही."

"लायसन्स घेतलं काढून?"

"तेही नाही. कागद बघून जा म्हणाल्या."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला दंड केला नाही, अशी तुमची तक्रार आहे?"

"मला थांबवलं अशी तक्रार आहे."

"पण थांबवल्याचं प्रूफ काय?"

वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मला इतका कधीच लागला नव्हता. मी म्हणालो, "साक्षीदार आहे. माझ्या सासूबाई." त्याने माझ्याकडे प्रथमच थोड्या सहानुभूतीने बघितलं आणि 'इतर' नावाचा एक छापील फॉर्म पुढे सरकवला. तो तीन प्रतींत भरायचा होता, सोबत घटनास्थळाचा नकाशा जोडायचा होता. मी तिथल्याच बाकावर बसून भरला. भरता भरता लक्षात आलं की फॉर्ममध्ये 'वाहनचालकाने' हा शब्द चार ठिकाणी चार तऱ्हांनी छापलाय. लाल पेन माझ्या खिशातच असतं. हात थांबला नाही.

"हे काय?" कारकून ओरडला. "शासकीय फॉर्मवर खाडाखोड? फॉर्म बाद!"

"खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे."

"दुरुस्तीसाठी खिडकी सहा!"

खिडकी सहा पत्त्यातली दुरुस्ती करणारी निघाली. तिसऱ्या फेरीला मी लाल पेन घरी ठेवून गेलो आणि डोळे अर्धवट मिटून फॉर्म भरला, तेव्हा कुठे तो स्वीकारला गेला. पोच देताना कारकून म्हणाला, "चौकशी लागेल. ज्यांनी थांबवलं त्यांचा खुलासा मागवावा लागेल."

"मागवा की," मी छाती पुढे काढून म्हणालो. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आता आठवलं की तेवढं बरं वाटत नाही.

गाडी गॅरेजमध्ये असल्याने मी रोज चालत कामावर जात होतो आणि तो चौक वाटेवरच होता. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सहज कोपऱ्यावरच्या छत्रीदुरुस्तीवाल्याच्या टपरीशेजारी उभा राहिलो. बाई कुणाकुणाला, कशासाठी थांबवतात ते तरी बघू, एवढाच हेतू. मग वाटलं, नुसतं बघून काय उपयोग, टिपून ठेवावं. दुसऱ्या दिवशी मी वही नेली. बारा दहा : स्कूटर, हेल्मेट नाही, कारण योग्य. बारा चौदा : मोटार, सिग्नल तोडला, कारण योग्य. बारा वीस : टेम्पो, माल बाहेर लोंबतोय, कारण योग्य.

वहीचा परिणाम मात्र भलताच झाला. चौकात वही घेऊन उभा असलेला, चष्मेवाला, घडी घडी घड्याळ बघणारा माणूस हा वरिष्ठ अधिकारी असणार असं छत्रीवाल्याने ठरवलं आणि मला बसायला स्टूल दिलं. त्याच्याकडून ते रिक्षावाल्यांना कळलं. तिसऱ्या दिवशी चौकात पिवळा दिवा लागला तरी गाड्या थांबत होत्या. काही तर हिरव्यालाही बिचकत होत्या. हवालदारबाई माझ्याकडे चोरून बघत आणि प्रत्येक थांबवलेल्या माणसाला खणखणीत आवाजात कारण सांगत. "तुम्हाला थांबवण्याचं कारण, तुम्ही गाडी चालवताना फोनवर बोलत होतात! समजलं?" मला ऐकू जाईल असं. एका बाईंनी कारण ऐकून घेतलं आणि त्यांचे आभारही मानले.

चार दिवसांत त्रेचाळीस गाड्या थांबवल्या गेल्या, आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वेळा कारण योग्य निघालं. एकही चूक नाही. मुद्रितशोधकाला पानात चूक सापडली नाही की जेवण गोड लागत नाही. मग मीच कसा चुकून त्यांच्या हाताला लागलो?

चौथ्या दिवशी मी हाच विचार करत असताना साध्या शर्टातले दोन गृहस्थ स्टुलाच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले.

"काय लिहिताय?"

"ते खासगी आहे."

"आम्ही पोलीस आहोत. जरा चला आमच्याबरोबर."

मी उभा राहिलो, मान ताठ केली आणि बेलिफकाकांनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, "मला थांबवण्याचं कारण काय?"

"चार दिवस तुम्ही चौकात ठाण मांडलंय, गाड्यांच्या वेळा आणि पोलिसांच्या जागा वहीत लिहिताय. पलीकडे बँक आहे. आणखी कारण हवंय?"

लाज वाटते सांगायला, पण मला मनापासून आनंद झाला. स्पष्ट, मुद्देसूद, विचारल्याबरोबर सांगितलेलं कारण! मी त्यांना म्हणालो, "हे लेखी देऊ शकाल?" त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला मध्ये घेतलं.

वाहतूक शाखेच्या साहेबांनी वही चाळली. टेबलावर माझा अर्ज होताच. साहेब शांत, सभ्य आणि फार दमलेले वाटत होते. त्यांनी कपाळ चोळलं. "म्हणजे ते तुम्हीच. बरं झालं. उद्या अकराला तुमचीच सुनावणी लावलीय. साक्षीदार असतील तर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो फौजफाटा घेऊनच. बेलिफकाकांनी डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा काळा कोट चढवला होता. सासूबाई ठेवणीतला चष्मा लावून आल्या होत्या. बायको आली नाही. ती म्हणाली, "एकाच घरातली किती माणसं दिसायची तिथे?"

साहेबांच्या खोलीत हवालदारबाई भिंतीशी उभ्या होत्या. टोपी काखेत, बुटांवर चौकातली धूळ. साहेबांनी आम्हाला बसवलं आणि फाइल उघडली.

"यांनी तीन वेळा लेखी खुलासा दिलाय," ते म्हणाले. "तिन्ही वेळा एकच वाक्य : सदर वाहन मी थांबवलेले नाही. आणि नियमाप्रमाणे मला तिन्ही वेळा विचारावं लागलं, मग ते थांबलं कसं?"

"हे बघा!" बेलिफकाका उठले. "सरळ नाकारतायत!"

"बसा. चौकात कॅमेरा आहे. चित्रण मागवलंय. ते बघू आणि मग बोलू."

साहेबांनी टेबलावरचा पडदा आमच्याकडे वळवला. चौक दिसला. हवालदारबाई मधोमध उभ्या. डावीकडून माझी गाडी आली, अगदी हळू, मलाच तिचा अभिमान वाटला. हवालदारबाईंची पाठ माझ्याकडे होती. समोरून, पलीकडच्या रस्त्याने, पाण्याचा एक भलामोठा टँकर येत होता. बाईंनी हात वर केला. टँकरला. टँकर थांबला. आणि त्यांच्या पाठीमागे, हिरव्या दिव्याखाली, माझीही गाडी थांबली.

मग गाडीचं दार उघडलं आणि एक गृहस्थ निळी फाइल छातीशी धरून लगबगीने धावत निघाले. मी आजवर स्वतःला मागून बघितलं नव्हतं. शाळेत गृहपाठ तपासून घ्यायला जाणारा विद्यार्थी जसा धावेल तसे ते गृहस्थ धावत होते. त्यांनी बाईंना मागून हाक मारली. बाई दचकून वळल्या. गृहस्थांनी फाइल त्यांच्या हातात जवळजवळ कोंबली. मागे बस, बसमागे अकरा गाड्या. एका मोटारवाल्याने खाली उतरून आकाशाकडे हात पसरले होते. चित्रणाला आवाज नव्हता, ही देवाची कृपा.

मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो.

"मी तेव्हाच बघितलं होतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या बाई टँकरला हात करत होत्या. चांगलं लख्ख दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चिरकला.

"जावयाला मध्येच कोण टोकणार? मला वाटलं, तुमची काही ओळख असेल त्यांच्याशी."

बेलिफकाका माझ्या कानाशी आले. डांबराच्या गोळ्या नाकात शिरल्या. "माघार घेऊ नका," ते कुजबुजले. "म्हणा, हाताची दिशा संदिग्ध होती. वाजवी माणसाचा गैरसमज होऊ शकतो. वरती अपील आहे आपल्याला."

ते कुजबुजले खरे, पण तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून नोटिसा वाचलेल्या माणसाची कुजबुज ती, सगळ्या खोलीला ऐकू आली.

"तसं म्हणू शकता," साहेब म्हणाले. "संदिग्ध म्हणायला जागा आहे. मग चौकशी वर जाईल, पाच-सहा महिने चालेल. फक्त एक सांगतो. या बाईंचं नाव प्रशिक्षण केंद्रात शिकवण्यासाठी सुचवलंय. अकरा वर्षं उन्हात उभ्या आहेत. यादी आज संध्याकाळी जाते. चौकशी चालू असलेल्यांची नावं यादीत घेता येत नाहीत." ते पुढे घाईघाईने म्हणाले, "हा तुमच्यावर दबाव नाही. तुमचा हक्क तुमच्याकडेच आहे."

मी पहिल्यांदाच हवालदारबाईंकडे नीट बघितलं. मला वाटलं होतं, त्या माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघत असतील. त्या तशा बघत नव्हत्या. त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, यांना काही म्हणू नका. सासूबाई मागे बसल्या होत्या. माणूस गांगरतोच."

तिथे मी संपलो. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी अपिलात गेलो असतो, त्याच्याही वर गेलो असतो. पण भर सुनावणीत समोरच्या पक्षानेच माझी बाजू घेतल्यावर माझ्याकडे काही उरलं नाही.

"मला अर्ज मागे घ्यायचाय," मी म्हणालो.

"प्रूफवाले!" बेलिफकाकांनी माझी बाही धरली.

साहेबांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला. तक्रार मागे घेण्याचाही एक फॉर्म असतो, आणि त्यात एक मोठा रिकामा चौकोन असतो. चौकोनावर लिहिलेलं असतं : तक्रार मागे घेण्याचे कारण. मी पेन हातात धरून बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसलो. 'गैरसमजामुळे' लिहिलं असतं तर चाललं असतं. 'तांत्रिक कारणास्तव' हेही चाललं असतं, आमच्या छापखान्यात ते नेहमीच चालतं. शेवटी मी लिहिलं : 'सदर वाहन कोणीही थांबवले नाही. पोलीस दिसल्यामुळे मी आपोआप थांबलो.' आणि सही केली.

साहेबांनी वाचलं. त्यांच्या मिशा किंचित हलल्या. हवालदारबाईंनी टोपी काखेतून काढून दोन्ही हातांत धरली.

"आता एक अप्रिय काम," साहेब म्हणाले. "तुमच्या या कबुलीप्रमाणे तुम्ही हिरव्या दिव्याला भर रस्त्यात विनाकारण गाडी उभी केलीत. चार मिनिटं दहा सेकंद. चित्रण आता फाइलमध्ये आलंय, मला डोळेझाक करता येणार नाही. पहिलीच वेळ आहे म्हणून दोन शनिवार वाहतूक वर्गाला हजर राहायचं."

"यावर मात्र आपण अपील करू!" बेलिफकाका उसळले.

"तुम्ही गप्प बसा हो," सासूबाई म्हणाल्या. "जाऊ दे त्यांना. काहीतरी शिकून येतील."

वर्ग तीन आठवड्यांनी सुरू झाला. शाळेसारखी खोली, लाकडी बाकं, गुडघे अडकत होते. तीसएक माणसं होती. माझ्या मागे एक ट्रकवाला बसला होता, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा. बरोबर दहाला दार उघडलं आणि नव्या मास्तरीणबाई आत आल्या. हवालदारबाईच! गणवेश इस्त्रीचा, बूट चकचकीत. त्यांनी मला बघितलं. मी बाकाच्या आत जमेल तेवढा घुसलो.

"आजचा विषय," त्या म्हणाल्या, "पोलीस तुम्हाला कधी थांबवू शकतात. आधी प्रत्येकाने सांगा, तुम्हाला कशाकरता थांबवलं होतं."

एकेक जण उभा राहून सांगू लागला. सिग्नल. फोन. सीटबेल्ट. उलट्या दिशेने गाडी. त्या प्रत्येकाचं कारण फळ्यावर लिहीत होत्या. माझा नंबर आला तेव्हा त्या माझ्याकडे न बघता खडू झाडत उभ्या राहिल्या, बराच वेळ. वाटलं तर 'सिग्नल' म्हणून खाली बसा, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं मला वाचता येत होतं.

मी उभा राहिलो. "मला कुणी थांबवलं नव्हतं," मी म्हणालो. "बाई टँकरला हात करत होत्या. मी पोलीस बघितले आणि थांबलो. कागदपण दाखवले. कुणी मागितले नव्हते तरी."

खोली हसली. अगदी खळखळून. कुणी बाक बडवला. मी खाली बसणार, तेवढ्यात मागून ट्रकवाल्याचा जाड आवाज आला.

"हसायचं काय त्यात? तेहतीस वर्षं ट्रक चालवतोय मी. कागद सगळे बरोबर, माल बरोबर. तरी खाकी दिसली की पाय ब्रेकवर जातोच. कितीदा तर पोलीसच म्हणतात, चल ना बाबा, उभा का राहिलास."

मग दुसऱ्या रांगेतल्या एका बाई म्हणाल्या की पोलिसांच्या गाडीमागे असल्या की त्या स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उगाच दाखवत बसतात. एक कॉलेजचा प्राध्यापक म्हणाला, तो सीटबेल्ट लावलेला असताना पुन्हा लावायला जातो. कुणी एक जण पायी चालतानासुद्धा सावकाश चालू लागतो म्हणाला. सगळी खोली आपापलं सांगू लागली, एकमेकांच्या वरताण.

हवालदारबाई खडू हातात घेऊन ऐकत होत्या. गडबड जरा कमी झाल्यावर त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत मी माझी स्कूटर घेऊन बाहेर पडते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा कोपऱ्यावर पोलीस दिसला की माझंही काळीज लक्कन हलतं. माझ्याच हाताखालचा असला तरी. मागच्या महिन्यात मी एकाला थांबून लायसन्स दाखवलं. त्याने सॅल्यूट ठोकला मला."

आता मात्र माझं हसू आवरेना.

"हे खोलीबाहेर कुणाला सांगायचं नाही," त्या खडूने फळ्यावर टकटक करत, पण माझ्याकडेच बघत म्हणाल्या.

सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सासूबाईंना नाही, बेलिफकाकांना तर मुळीच नाही. आत्ता तुम्हाला सांगितलं, तेवढंच.